छोट्या मोटारीला चारही चाकांचे बळ

१९६३ सालच्या मे महिन्यात सिसिली बेटावरील ‘टार्गा फ्लोरिओ’ या प्रसिद्ध मोटार-शर्यतीत एक चिमुकली गाडी उतरली होती. डोंगरातील वळणावळणांच्या रस्त्याने सुमारे ७२ किलोमीटरांची एक फेरी, आणि अशा दहा फेऱ्या पुऱ्या करावयाच्या, असे त्या शर्यतीचे स्वरूप होते. बाहेरून पाहणाऱ्यास ती गाडी म्हणजे इंग्लंडच्या रस्त्यांवर सर्रास दिसणारी ‘मिनी’च वाटली असती. परंतु तिच्या पोटात एक गुपित होते. नेहमीचे एंजिन पुढे होतेच. शिवाय मागच्या बैठकीच्या जागी दुसरे एंजिन बसविलेले होते. पुढचे एंजिन पुढची दोन चाके फिरवी, मागचे एंजिन मागची दोन. जॉन व्हिटमोर आणि पॉल फ्रेअर या दोघा नामांकित चालकांनी ती आळीपाळीने हाकली. गाडीने शर्यत पुरी केली खरी, पण मागचे एंजिन सारखे तापू लागल्यामुळे तिचा जीव मेटाकुटीस आला.

एका मोटारीत दोन एंजिने घालण्याची ही कल्पना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु ती सुचविणारी माणसे पोरकट नव्हती. ज्या जॉन कूपरच्या कारखान्याने १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे शर्यतीच्या मोटारींचे जागतिक अजिंक्यपद मिळविले, त्याचेच नाव या प्रयोगाशी जोडलेले आहे. मग अशा जाणत्या माणसांना हा आडमार्ग का धरावा लागला? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास यंत्रविद्येतील एक फार सुंदर कोडे आपल्या हाती लागते.

त्यासाठी प्रथम मिनीची रचना समजून घेतली पाहिजे. १९५६ साली सुएझच्या पेचप्रसंगामुळे इंग्लंडात पेट्रोलची टंचाई झाली आणि थोड्या इंधनावर चालणारी लहान मोटार हवी, अशी निकड भासू लागली. अ‍ॅलेक इसिगोनिस या यंत्रज्ञाने आखलेली मिनी १९५९ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आली. तिची लांबी अवघी दहा फूट, चाकांची कडी दहा इंचांची, वजन सुमारे ६०० किलो आणि एंजिन ८४८ घनसेंटिमीटरचे. एवढ्याशा गाडीत चार माणसे बसावीत म्हणून इसिगोनिसने एंजिन उभे न ठेवता आडवे बसविले, आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे न जोडता त्याच्या खाली, तेलाच्या चेंबरातच ठेवला. एंजिन आणि गिअर यांना तेलही एकच. चाकांपर्यंत शक्ती नेणारे डिफरन्शिअलदेखील त्याच गाठोड्यात बांधलेले. एखाद्या काटकसरी गृहिणीने एकाच कोनाड्यात सारा संसार नीट मांडावा, तशी ही मांडणी आहे.

आता याच्या शेजारी आपल्या परिचयाची जीप उभी करून पाहावी. स्वातंत्र्याच्या वर्षापासून मुंबईत महिंद्रांनी ज्या जीपगाड्या जोडून देण्यास आरंभ केला, त्या आपल्याकडील घाटांत आणि खेड्यापाड्यांत अनेकांनी पाहिलेल्या आहेत. जीपमध्ये एंजिन गाडीच्या लांबीत बसविलेले असते. त्याच्या मागे गिअरबॉक्स, आणि गिअरबॉक्सला लागून एक वाटणीची पेटी. त्या पेटीतून एक दांडा पुढच्या आसाकडे व दुसरा मागच्या आसाकडे जातो. सारे मोकळे आणि सरळ. मिनीत मात्र मागे दांडा काढण्यास वाटच ठेवलेली नाही. जी काटकसर तिचे मोठेपण, तीच येथे आडवी येते.

मुळात चारही चाकांना शक्ती द्यावी तरी कशासाठी? पुष्कळांचा असा समज असतो की, चढ चढताना गाडी अडते ती एंजिन दुबळे म्हणून. थोडा हिशेब केल्यास हा समज टिकत नाही. मिनीच्या एंजिनाचा पीळ, म्हणजे दांडा फिरविण्याचा जोर, जास्तीत जास्त सुमारे ६ किलोग्रॅम-मीटर असतो. पहिल्या गिअरमध्ये तो साडेतीन पटींहून अधिक वाढतो, आणि शेवटच्या दंतचक्रांच्या जोडीत पुन्हा पावणेचार पट होतो. चाकाची त्रिज्या सुमारे पाव मीटर. घर्षणात जाणारा वाटा वजा केला तरी चाक जमिनीस सुमारे ३०० किलोच्या भाराइतक्या जोराने मागे रेटू शकते. ६०० किलोच्या गाडीला एवढे बळ पुष्कळ झाले.

पण तो रेटा जमिनीने स्वीकारला पाहिजे. समजा, मिनीच्या वजनापैकी ३६० किलो पुढच्या चाकांवर आहे आणि रस्ता ओल्या गवताचा आहे. अशा जमिनीवर चाकावरील भाराच्या तीन दशांश एवढीच पकड मिळते, असे धरू. म्हणजे पुढची चाके १०८ किलोपेक्षा अधिक रेटा देऊच शकत नाहीत. त्यापुढे ती जागच्या जागी गरगरतात. एंजिनाजवळ ३०० किलोंचे बळ असूनही जमिनीवर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडेच अधिक उतरते. शिवाय चढावर गाडीचे वजन मागे झुकते, म्हणून पुढची चाके आणखी हलकी पडतात. हीच शक्ती चारही चाकांना वाटून दिली तर गाडीचे सगळे ६०० किलो वजन पकडीच्या कामी येते आणि रेटा १८० किलोंवर जातो. शंभरात अठरा हाताची चढण जिथे अवघड, तिथे तीस हाताची साधू लागते. तात्पर्य, चारचाकी जोर हा बळ वाढविण्याचा उपाय नव्हे. असलेले बळ जमिनीला लावण्याचा तो उपाय आहे.

हा उपाय लहान गाडीत बसविण्याचे दोन मार्ग निघाले. त्यांतील पहिला मार्ग दोन एंजिनांचा. तो सर्वांत सफाईने अमलात आणला फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने. तिच्या सुप्रसिद्ध ‘दोन अश्वशक्ती’ या साध्यासुध्या मोटारीचा ‘सहारा’ हा अवतार १९५८ साली लोकांपुढे आला. पुढे ४२५ घनसेंटिमीटरचे एक एंजिन, मागे तसेच दुसरे. दोन गिअरबॉक्स, दोन किल्ल्या. परंतु क्लचचे पायपट्ट एक आणि गिअरचा दांडाही एक. पेट्रोलच्या दोन टाक्या पुढच्या बैठकींखाली होत्या आणि त्यांची तोंडे चक्क दारांतून बाहेर काढलेली होती. एका एंजिनावर गाडी ताशी ६५ किलोमीटरपर्यंत जाई, दोन्हींवर शंभरच्या आसपास. अल्जीरियाच्या वाळवंटात तेलाचा शोध चालू होता, त्या काळातील ही निर्मिती. अशा सुमारे सातशे गाड्या तयार झाल्या आणि आज संग्राहक त्यांना जिवापाड जपतात.

या रचनेतील खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारा लोखंडी दांडा येथे नाहीच. प्रत्येक एंजिन आपल्या चाकांच्या गतीप्रमाणे किंचित जलद किंवा किंचित सावकाश फिरू शकते. दोघांमधील जमवाजमव रस्ताच करून देतो. एक एंजिन बंद पडले तर दुसऱ्यावर घरी परत येता येते. वाळवंटात हा लाभ लहानसहान नव्हे.

पण या मार्गाची किंमतही मोठी आहे. दोन एंजिने म्हणजे दुप्पट देखभाल, दुप्पट बिघाड आणि वाढलेले वजन. सिट्रोएनचे एंजिन वाऱ्याने थंड होणारे होते, म्हणून ते मागे बसविले तरी पंख्यावर भागले. मिनीचे एंजिन पाण्याने थंड होणारे. त्याच्या रेडिएटरला मागच्या बाजूस पुरेसा वारा मिळेना. सिसिलीत मागच्या एंजिनाने दम टाकला तो यामुळेच. खुद्द इसिगोनिसनेही याच सुमारास ‘मोक’ या उघड्या गाडीत दोन एंजिने बसवून ती बर्फात चालवून दाखविली. बर्फात ती झकास चाले; पण सैन्याच्या दृष्टीने मोकचा मूळ दोष तसाच राहिला. चाके लहान आणि पोट जमिनीच्या जवळ. गाडीचे पोटच दगडावर टेकले, तर चारही चाकांना जोर देऊन उपयोग काय?

दुसरा मार्ग एकाच एंजिनातून चारही चाकांना शक्ती देण्याचा. जुन्या मिनीला हौसेने नवे रूप देणारे कारागीर हाच मार्ग पत्करतात, आणि त्यांच्या कसबाची खरी परीक्षा येथे होते. प्रथम गिअरबॉक्सच्या पेटीला नवे दार पाडावे लागते. आडव्या फिरणाऱ्या दंतचक्राची गती काटकोनात वळवून मागे न्यावयाची, म्हणजे तिरप्या दात्यांची क्राउन-पिनियनसारखी जोडी बसवावी लागते. तिच्यासाठी पेटीचा नवा भाग ओतून किंवा कोरून घ्यावा लागतो. मागे जाणारा दांडा गाडीच्या तळातील मधल्या पन्हळीतून न्यावा, तर तेथे धूर बाहेर नेणारी नळी आधीच बसलेली असते. मागची मूळ चाके नुसती फिरती. त्यांना फिरविणारा आस नसतोच. तेव्हा तेथे दुसरे डिफरन्शिअल, नवे आस, नवे हब आणि ते सारे तोलून धरणारा नवा सांगाडा, असा परिवार उभा करावा लागतो.

येथे एक प्रश्न नवख्या कारागिरास हमखास फसवितो. मागे जाणारा दांडा किती जाड हवा? पुढच्या आणि मागच्या चाकांत जोर निम्मानिम्मा वाटला जाणार, म्हणून दांडा निम्म्या जोराचा पुरेल, असे मनात येते. परंतु पुढची चाके बर्फावर आणि मागची कोरड्या जमिनीवर असली, आणि दोन्ही आस एकमेकांना घट्ट जोडलेले असले, तर बहुतेक सगळा भार त्या एका दांड्यावर येतो. म्हणून तो पूर्ण जोराचा हिशेब धरूनच करावा लागतो. शिवाय शक्ती कोठून काढली यावरही पुष्कळ अवलंबून आहे. शेवटच्या दंतचक्रांच्या पुढे, चाकांच्या गतीने फिरणाऱ्या ठिकाणाहून ती काढली, तर पहिल्या गिअरमध्ये दांड्यावर सुमारे ८० किलोग्रॅम-मीटर इतका पीळ येऊ शकतो. तीच त्या दंतचक्रांच्या अलीकडून काढली, किंवा तिरप्या जोडीनेच दांड्याची गती वाढवून घेतली, तर पीळ २२ च्या आसपास उतरतो. मात्र दांडा पावणेचार पट वेगाने फिरतो. वेगाने फिरणारा दांडा काटेकोर तोललेला नसेल तर थरथरतो. एका बाजूने वाचविले ते दुसऱ्या बाजूने द्यावे लागते, हा यंत्रशास्त्राचा जुना व्यवहार येथेही चुकत नाही.

गिअरच्या दात्यांविषयीही असेच म्हणता येईल. नेहमीच्या मोटारीत तिरपे दाते वापरतात. त्यांचा आवाज कमी होतो, पण ते चक्राला बाजूला ढकलीत असतात. शर्यतीच्या गाड्यांसाठी सरळ दात्यांचे संच करतात. त्यांत बाजूचा रेटा नाही, मात्र कानठळ्या बसविणारी घरघर आहे. मिनीत तर आणखी एक सावधगिरी हवी. गिअर आणि एंजिन यांचे तेल एकच असल्यामुळे गिअरच्या दात्याचा तुटलेला कण थेट एंजिनाच्या तेलात उतरतो. जास्तीचा भार गिअरवर टाकावा, आणि दंड एंजिनाने भरावा, असा प्रकार होतो.

आणि आता या कोड्याच्या गाभ्याकडे यावे. दांडा मागे नेला, सर्व काही भक्कम केले, तरी गाडी वळताना काय होते? मिनीच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर सुमारे २ मीटर आहे. तिने असे वर्तुळ घेतले की मागच्या आसाचा मध्य ५ मीटर त्रिज्येने फिरतो. तर पुढच्या आसाचा मध्य सुमारे ५.४ मीटर त्रिज्येने फिरेल. एका पूर्ण फेरीत पुढची चाके मागच्यांपेक्षा अडीच मीटर अधिक चालतात. चाकाचा परीघ सुमारे दीड मीटर, म्हणजे पुढच्या चाकांना दीड फेऱ्यांहून अधिक फिरावे लागते. दोन्ही आस घट्ट जोडलेले असतील, तर हे जादा फिरणे होणार कसे? चिखलात आणि वाळूत चाक किंचित घसरून हा तंटा मिटविते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही. मग दांड्यात पीळ साठत जातो, सुकाणू जड होते आणि शेवटी सर्वांत दुबळा भाग तुटतो. जीपच्या चालकांना डांबरी रस्त्यावर पुढच्या आसाचा जोर सोडवून ठेवण्यास सांगतात, ते याच कारणासाठी.

वळणच कशाला, सरळ रस्त्यावरही हा तंटा उभा राहतो. एका जोडीचे टायर नवे आणि दुसरीचे अवघे पाच मिलिमीटर झिजलेले असले, तर चाकांच्या व्यासात शेकडा दोनाचा फरक पडतो. एका किलोमीटरात चाकाच्या साडेसहाशे फेऱ्या होतात असे धरल्यास तेरा फेऱ्यांची तफावत येते. पुढच्या व मागच्या दंतचक्रांचे गुणोत्तर तंतोतंत जुळले नाही तरी हाच परिणाम होतो.

यावर उपाय म्हणजे दोन आसांच्या मध्ये तिसरे डिफरन्शिअल. ते दोन्ही आसांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. पण त्यालाही एक उणीव आहे. साधे डिफरन्शिअल जोर नेहमी ठरलेल्या प्रमाणात वाटते. चारांपैकी एक चाक चिखलात हवेसारखे मोकळे फिरू लागले की इतरांनाही तेवढाच नगण्य जोर मिळतो. म्हणजे ज्या अडचणीतून सुटण्यासाठी सारा खटाटोप केला, तीच मागच्या दाराने परत येते.

या गाठीवर इंग्लंडातील हॅरी फर्ग्युसनच्या संशोधन-संस्थेने अनेक वर्षे परिश्रम केले. ट्रॅक्टरमुळे फर्ग्युसनचे नाव आपल्याकडील शेतकऱ्यांनाही परिचित आहे. त्या संस्थेची चारचाकी जोराची शर्यत-गाडी १९६१ साली ऊल्टन पार्क येथे स्टर्लिंग मॉसने ओल्या रस्त्यावर हाकली आणि जिंकली. १९६६ मध्ये याच पद्धतीवर ‘जेन्सन एफ. एफ.’ ही मोठी मोटार निघाली. तिच्यात मधले डिफरन्शिअल शंभरापैकी ३७ भाग जोर पुढे आणि ६३ मागे देई. पुढे याच परंपरेतून दाट द्रवाचे एक युक्तिबाज जोडसाधन आले. एका बंद डब्यात सिलिकोनचा दाट द्रव आणि त्यात एकाआड एक अशा भोकांच्या चकत्या. अर्ध्या चकत्या एका दांड्याला, अर्ध्या दुसऱ्याला जोडलेल्या. दोन्ही दांड्यांच्या गतीत थोडा फरक असला तर द्रव तो सहन करतो. फरक फार वाढला की द्रवच घट्ट धरू लागतो. वळताना सवलत आणि घसरताना बंधन, असा दुहेरी स्वभाव त्याला लाभला आहे.

आडव्या एंजिनाच्या छोट्या गाडीला परवडेल असे उत्तर मात्र १९८३ साली इटलीच्या ‘फियाट पांडा’ने दिले. तिची चारचाकी जोराची यंत्रणा ऑस्ट्रियाच्या श्टायर-पुख या कारखान्याने सिद्ध केली होती. तिच्यात मधले डिफरन्शिअल नव्हतेच. एरवी पुढची चाके चालत. बर्फ किंवा चिखल लागला की चालकाने दांडा ओढून मागची चाके जोडावयाची. पहिला गिअर फार हळू चालीचा ठेवला होता, तो खास चढणीसाठी. आल्प्सच्या डोंगरगावांतून ही गाडी लोकांनी आपलीशी केली. अवजड साधनांऐवजी चालकाच्या विवेकावर विसंबणारे हे उत्तर साधे होते, म्हणूनच ते टिकले.

जुन्या लहान गाडीवर असे काम करू इच्छिणाऱ्याने आणखी एका गोष्टीचा विचार केलाच पाहिजे, आणि ती म्हणजे ब्रेक. मिनीची मागची बाजू हलकी असल्याने जोराने ब्रेक लावताच मागची चाके आधी जखडू नयेत, यासाठी मागच्या ब्रेकचा दाब मर्यादित ठेवणारी झडप मुळात असते. पुढचे आणि मागचे आस दांड्याने घट्ट जोडले की पुढच्या ब्रेकचा जोर त्या दांड्यातून मागच्या चाकांपर्यंत पोहोचतो आणि झडपेचे काम व्यर्थ होते. मग ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन फिरण्याचा धोका असतो. चालण्याची शक्ती वाढविताना थांबण्याची व्यवस्था बिघडली, हे ध्यानात येते ते बहुधा उशिरा. टार्गा फ्लोरिओच्या त्याच काळात स्वतः जॉन कूपर दोन एंजिनांच्या मिनीतून जात असता लंडननजीक किंग्स्टनच्या मार्गावर अपघात होऊन गंभीर जखमी झाला. ज्याचे आयुष्य मोटारी घडविण्यात गेले, त्याच्यावरही हा प्रसंग आला.

आपल्या देशात तर कायद्याचाही प्रश्न आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीपत्रात लिहिलेला तपशील कारखानदाराने ठरविलेल्या मूळ रचनेहून वेगळा पडेल असा बदल वाहनमालकास करता येत नाही. कित्येकांना हे हौसेवरचे विरजण वाटेल. परंतु रस्त्यावर आपल्याबरोबर पायी चालणारे, सायकलवरून जाणारे आणि शाळेतून परतणारे मूलही असते, हे आठवले म्हणजे त्यामागचा हेतू कळून येतो.

मिनी असो, सहारा असो की पांडा, या सर्वांच्या कथेतून एकच गोष्ट ठळक होते. चारही चाकांना जोर पोहोचविणे हे कामाचे पहिले पाऊल आहे. प्रत्येक चाकाला आपली वेगळी वाट चालावयाची आहे, ती त्याला चालू द्यावी आणि तरीही चारांनी मिळून एकच गाडी ओढावी, हे साधणे हाच खरा अवघड भाग. ज्या कारागिराने वळणाचा, झिजलेल्या टायरचा आणि ब्रेकचा हिशेब आधी कागदावर मांडला, त्याची गाडी डोंगर चढून पुन्हा सुखरूप खाली उतरते.